उलट्या पाण्याचा गडी

ताजा तोडलेला साग पाण्यात टाकला तर तळ गाठतो. लाकूड तरंगतं हे आपण शाळेत शिकलो, पण ह्या गड्याने तो धडा कधी मनावर घेतला नाही. अंगात रस आहे तोवर स्वारी पाण्यापेक्षा जड, आणि नदीने कितीही गळ घातली तरी जागची हलायची नाही. त्याला नदीतून न्यायचं तर आधी उभ्या जागी मारावा लागतो. बुंध्याशी कुऱ्हाडीने चौफेर खाच घ्यायची, साल आणि सालीखालचं पांढरं लाकूड कापत गाभ्यापर्यंत पोचायचं आणि निघून जायचं. मुळांचं पाणी वर चढायचं थांबतं, पानं गळतात ती पुन्हा येत नाहीत. मग दोन-तीन वर्षं तो तसाच वाळत उभा राहतो आणि पुरता हलका झाला की मगच त्याला पाडतात. ब्रह्मदेशातल्या सागाच्या धंद्याची ही ठरलेली रीत होती. मालाला खरेदीआधी तीन वर्षं मरायला लावणारा दुसरा धंदा निदान मला माहीत नाही.

वाशिम जिल्ह्यात हा गडी बघायचा तर मालेगाव, मंगरूळपीर, मानोऱ्याकडच्या मुरमाड टेकाडांवर जावं. काळ्या कसदार रानात, जिथे सोयाबीन आणि तूर जोरात येते, तिथे त्याचं मन लागत नाही. पायाशी पाणी तुंबलेलं त्याला खपत नाही. निचरा पाहिजे, मुरूम पाहिजे. उन्हाळ्यात सगळी पानं टाकून उघडाबोडका उभा राहील. पाऊस पडला की हातभर लांब पानं काढील आणि शेंड्यावर पांढरट फुलोऱ्याचे तुरे मिरवील. पावसाळा सरता सरता मात्र अळी त्या पानांची अशी दैना करते की नुसत्या शिरांची जाळी उरते. जळाल्यासारखं दिसतं सगळं रान, आणि नवखा माणूस घाबरतो. सागाला त्याचं काही नाही. कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात तांबडा होतो, एवढीच काय ती त्याची थट्टामस्करी.

गावात कामकरी लाकडं निराळी. गाडीच्या चाकाला बाभूळ, जुवाला तिवस, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा. मार खाणं, घासणं, चिखलात रुतणं ही सगळी त्यांची कामं. साग ह्यातल्या कशालाही सहसा हात लावत नाही. तो दारात उभा राहतो. चौकट, उंबरठा, खांब, माळवदाची तुळई, देवघर, फार तर लेकीच्या लग्नातला पलंग. शेतकऱ्याच्या घरी तो पाहुण्याच्या मानाने येतो आणि घरच्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त दिवस राहतो. वाळवीसुद्धा त्याच्या गाभ्याच्या वाटेला जायला कचरते, कारण त्याच्या अंगातच असं तेल आणि अशी द्रव्यं असतात की तिचा घास फिरतो. पांढऱ्या लाकडाला हे संरक्षण नसतं. म्हणून जाणता सुतार चौकट घेताना आधी कडेचं पांढरं किती आहे ते बघतो आणि मग भाव ऐकतो.

आता नदीचं. वाशिम म्हणजे पाण्याचा फाटा. काटेपूर्णा इथून उत्तरेला उतरते, पूर्णेत जाते आणि तापीतून अरबी समुद्र गाठते. पैनगंगा, अडाण, अरुणावती ह्या मात्र पूर्वेची वाट धरतात आणि त्यांचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. एकाच ढगाचं पाणी टेकाडाच्या ह्या अंगाला पडलं की त्या अंगाला, एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो. पण दोन समुद्रांना पाणी पुरवणाऱ्या ह्या जिल्ह्यातल्या नद्यांना एक ओंडका पेलवत नाही. पूर आला तर दोन दिवस नुसता धुमाकूळ, ओसरला की गुडघाभर पाणी, आणि शिमग्यानंतर डोह तेवढे उरतात. नदीच्या जिवावर लाकडाचा धंदा करावा अशी ही पाण्याची जात नव्हे.

तरी गंमत म्हणून रिसोडजवळ पैनगंगेत एक ओंडका सोडून बघू. चांगला वाळलेला, तरंगणारा घेऊ. पहिला मुक्काम त्याचा आजकाल इसापूर धरणात पडेल आणि बहुधा तोच शेवटचा. पण धरण नव्हतं त्या काळातला धरला, तर पुढे एका काठाला यवतमाळ आणि दुसऱ्या काठाला नांदेड घेत तो सहस्रकुंडावर येईल. तिथे काळ्या खडकावरून नदी खाली उडी घेते. ओंडक्यालाही घ्यावी लागेल. सगळे सांधे शाबूत राहिले तर चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेत, मग चपराळ्याजवळ वैनगंगेच्या भेटीला, आणि तिथून नाव बदलून प्राणहिता. ह्या प्राणहितेच्या डाव्या हाताला अहेरीचं जंगल. तिथे मात्र आमच्या ह्या एकट्या गड्याला एकदम त्याच्या जातीची गर्दी भेटली असती.

कारण अहेरीचा साग खरोखरच नदीने जात असे. रानात तोडायचा, बैलांनी ओढत काठावर आणायचा, पाणी चढलं की बांधून सोडायचा. प्राणहितेतून सिरोंचापाशी गोदावरीत, गोदावरीतून थेट राजमुंद्रीकडे. बुडणाऱ्या गड्याला तरंगत्याची सोबत द्यायची ही नदीकाठची जुनी युक्ती: जड ओंडक्याच्या दोन्ही अंगांना बांबूच्या मोळ्या आवळल्या की तोही मुकाट्याने निघतो. वाशिमचा ओंडका तिथवर पोचला नसता हे खरं. पण वाशिमचं पाणी पोचत होतं आणि ते पाणी अहेरीचा साग वाहत होतं. रिसोडच्या माणसाने कधी न पाहिलेली ही रिसोडच्या पाण्याची नोकरी.

ह्या वाटेवर एकदा वऱ्हाडचा कापूसही निघणार होता. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा १८५२ साली पुरा करणाऱ्या आर्थर कॉटन साहेबांच्या डोक्यात होतं की नागपूर-वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा बोटींतून समुद्राला न्यावा. सिरोंचाला मुख्य ठाणं ठेवून अपर गोदावरी नावाचा जिल्हाही थाटला गेला. नदीत आडव्या खडकांच्या तीन मोठ्या अडचणी होत्या. त्या टाळायला कालवे आणि दारं बांधायचं काम सुरू झालं, पैसा वाहून गेला, आणि १८७१ च्या सुमारास ते काम बंद पडलं. तोवर रेल्वे वऱ्हाडात शिरली होती. कापसाने रेल्वेचा डबा धरला तो धरलाच. साग त्या खडकांवरून, ज्यांनी आगबोटी अडवल्या, आपटत धोपटत जातच राहिला. त्याला कालवा लागत नव्हता की दार.

नदीतल्या सागाची एक पंचाईत असते: तो कोणाचा? रानात तो ठेकेदाराचा, पुरात तो कोणाचाच नाही. दोर तुटले, तराफा खडकावर फुटला की ओंडके सैरावैरा होतात आणि खालच्या गावांना घरबसल्या चौकटी सापडतात. म्हणून ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर लोखंडी हातोड्याने शिक्का ठोकायचा. हातोड्याच्या तोंडावरच अक्षर किंवा खूण उलटी कोरलेली. एक घाव बसला की ती लाकडात उमटते. खात्यातली माणसं त्याला ‘हॅमर’च म्हणतात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ह्या वाहत्या लाकडासाठी अख्खं प्रकरण आहे. वाहून आलेलं, काठाला लागलेलं, बुडालेलं लाकूड मालक शाबीत होईपर्यंत सरकारचं; ज्याच्यावरची खूण पुसली किंवा जाळली तेही सरकारचं; आणि खोटा शिक्का मारणाऱ्याला तुरुंग. कोरड्या नदीच्या वाशिम जिल्ह्यातही हाच कायदा लागू आहे. धुऱ्यावरचा साग विकणाऱ्या शेतकऱ्याला शिक्क्यासाठी आणि वाहतूक पाससाठी खेटे घालावे लागतात तेव्हा त्यामागे कुठल्यातरी भरल्या नदीतल्या चोरीची धास्ती बसलेली आहे, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

आणि ती चोरी संपलेलीही नाही. सिरोंचाकडून सागवानाची तस्करी पकडल्याच्या बातम्या अजून येतात: रात्री ओंडके पाण्यात ढकलायचे, तराफा करून प्राणहितेच्या किंवा गोदावरीच्या पलीकडे तेलंगणात काढायचे. सरकारी माल ट्रकने जातो, चोरीचा नदीने. नदीतून लाकूड नेण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आज ह्या राज्यात मुख्यतः चोरांनी जतन केली आहे. वाईट वाटतं म्हणावं तर चोराची कड घेतल्यासारखं होतं. नाही म्हणावं तर खोटं होतं.

ह्या गड्याच्या पायी एक राज्य गेलं, तेही सांगायला हवं, कारण त्याचा शेवट आपल्याकडेच झाला. मुंबईत १८६३ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली. ब्रह्मदेशात तिचा कारभार हत्ती आणि पूर ह्या दोघांवर चाले. हत्तींनी वाळका साग नाल्यात आणून टाकायचा आणि पुराची वाट बघायची. पाऊस कमी झाला तर ओंडका वर्षभर तिथेच. पुढच्या वर्षीही कमी झाला तर तिथेच. नाल्यात ओंडक्यांचा गुंता पडला की पाण्यात उतरून तो सोडवायचा तोही हत्तीनेच. खाच घेतल्यापासून रंगूनच्या गिरणीत पोचेपर्यंत पाच-सहा वर्षं सहज जात. इतक्या सावकाश चालणाऱ्या मालाची मोजदाद कोण कशी ठेवणार? १८८५ साली ब्रह्मी दरबाराने ठरवलं की कंपनीने ओंडके कमी दाखवून महसूल बुडवला, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फौजा इरावतीतून वर चढल्या आणि थिबा राजाला घेऊन खाली आल्या. पुढची तीस वर्षं तो रत्नागिरीत होता. १९१० साली तिथे त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला. कौलारू, लाकडी कामाचा, खाडीकडे तोंड केलेला. १९१६ साली तो तिथेच वारला. ओंडक्यांच्या मोजणीवरून सिंहासन गेलेला दुसरा राजा इतिहासात असला तर तो माझ्या वाचनात नाही.

वाशिमला साग येतो तो मात्र उलटा. अल्लापल्लीच्या रानातला माल बल्लारपूरच्या आगारात लागतो. तिथे गोलाईप्रमाणे, लांबीप्रमाणे थप्प्या रचतात, लिलाव होतो आणि ट्रक भरतो. ह्याच भागातलं सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी २९ मार्च २०२३ रोजी वाजतगाजत, पूजा करून रवाना झालं. वाशिमच्या ट्रकला पूजा नसते. तो चंद्रपूर, वणी, यवतमाळ करत दारव्हा-कारंजाच्या किंवा दिग्रस-मानोऱ्याच्या बाजूने वर चढतो. नकाशा काढून बघा: ही वाट साधारण वर्धा आणि पैनगंगेच्या खोऱ्यातून, नदीच्या उगमाकडे येणारी आहे. पाणी ज्या बाजूला जातं तिच्या बरोब्बर उलट. आपल्याच पाण्याने ज्यांच्या भाऊबंदांना समुद्राकडे लोटलं, त्यांच्यातले हे चार, नदीला न जुमानता डिझेलवर वर येतात. पूर्वी बैलगाडीने येत. कारंजाला तर नॅरोगेजची शकुंतलाही होती, मूर्तिजापूर-यवतमाळ रस्त्यावरची. ती मुळात कापसासाठी टाकलेली.

ट्रक रिकामा होतो तो आरा मशीनवर. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत आरा मशीनची पाटी कच्छी पटेलांच्या नावाची असते. कच्छचे कडवा पाटीदार गेल्या शतकात पोटामागे देशभर पांगले आणि त्यांनी लाकडाचा धंदा हाती धरला. कच्छमध्ये झाड औषधाला मिळायचं नाही, आणि तिथल्या माणसांनी साऱ्या देशाचं लाकूड कापावं, हा देखील सागाच्या स्वभावाला शोभणाराच विनोद. घरात गुजराती, गल्ल्यावर वऱ्हाडी. पहिली पिढी दोन माणसांच्या हातआऱ्याजवळ उभी राहिली: एक गडी ओंडक्यावर, एक खाली खड्ड्यात, वरच्याने ओढायचं आणि खालच्याने भुसा डोळ्यांत घ्यायचा. दुसऱ्या पिढीने पट्ट्याचा बॅण्डसॉ बसवला. तिसरी पिढी शेजारच्या गाळ्यात प्लायवूड आणि सनमायका विकते आणि सागाकडे जरा संकोचानेच बघते. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगलतोडीवर आणि आरा मशिनींवर जो चाप लावला, त्यानंतर नवा परवाना मिळणं दुरापास्त झालं. म्हणून जुना परवाना हीच आता इस्टेट. भावाभावांच्या वाटणीत मशीन एकाकडे आणि परवाना दुसऱ्याकडे गेला की धंद्याचं काय होतं ते सांगायला नको.

मोजणीच्या वेळी मात्र सागाचा सगळा रुबाब उतरतो. धुऱ्यावरचं झाड कायद्याच्या सगळ्या कागदांनिशी घेऊन आलेला शेतकरी आणि टेप धरलेला शेठ ह्यांच्यात जे चालतं ते दर हंगामात सारखंच.

“गोलाई चार फूट, लांबी धा. धा घनफूट भरलं, भाऊ.”

“येवढं मोठं लाकूड अन् धाच?”

“चौथाईचा हिशेब हाय ना. चाराला चारानं भागा, एक. एकाचा वर्ग एकच. त्याले धानं गुना.”

“अन् बाकीचं गेलं कुठी?”

“सालपटात गेलं.”

शेठ खोटं बोलत नाही. गोलाईचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करायचा ही जुनी इंग्रजी पद्धत आजही चालते, आणि तिच्यात गोल ओंडक्याचा पाचवा हिस्सा आणि वर थोडा हिशेबात धरलाच जात नाही. पावणेतेरा घनफुटांचे दहा होतात. गोलाचा चौरस करताना जे वाया जातं ते आधीच वजा, असा त्यामागचा विचार. पण वाया गेलेलं ते सालपट मशीनवाल्याकडेच राहतं, जळणाला विकलं जातं, आणि त्याचा विचार कोणी करत नाही. ब्रह्मदेशच्या राजाला मोजणीत फसवलं गेलं की नाही ह्यावर इतिहासकार वाद घालोत. मंगरूळपीरच्या शेतकऱ्याचा त्यावरचा अभिप्राय एका वाक्यात मिळेल.

ह्या गड्याची खरी परीक्षा त्याच्या दुसऱ्या जन्मी होते. कारंजा, वाशिम, रिसोडचे जुने वाडे आता पडू लागलेत. भिंतींची माती ट्रॅक्टरने जाते, चिरे कोणी पायाला नेतो, पण तुळया आणि खांब बाजूला काढून ठेवले जातात आणि वाड्याच्या जागेखालोखाल भांडण त्यांच्यावरून होतं. शंभर वर्षं चुलीचा धूर खाऊन काळी झालेली तुळई मशीनवर येते. पहिला काप घेतला की आतून सोनेरी पिवळा रंग आणि कातड्यासारखा तो वास. नव्या सागाला, विशेषतः झटपट वाढवलेल्या लागवडीच्या सागाला, हा रंग येत नाही. जुन्या लाकडाची कड घेणारा मिस्त्री इथे थांबून बोटाच्या नखाने रेघ ओढून दाखवतो: नख घसरतं, लाकूड दबत नाही.

पण ह्या काळ्या तुळईत एक वैरी लपलेला असतो, तो म्हणजे खिळा. पाळणा टांगायला, कंदील टांगायला, लग्नातल्या मांडवाला, पिढ्यान्‌पिढ्यांनी ठोकलेले लोखंडी खिळे वरून धुरात बुजून गेलेले. दुसऱ्या एखाद्या लाकडात ते एव्हाना गंजून भुगा झाले असते. सागाची खोड अशी की त्याच्या तेलाने लोखंड टिकतं. जहाजं बांधणाऱ्यांना तो आवडत असे तो ह्याच गुणासाठी. आज्ञापत्रात आरमारासाठी साग आणि शिसव तोडण्याचा विषय आला आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली पाण्यात सोडलेलं त्रिंकोमाली हे सागाचं जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. ताजेपणी बुडणाऱ्या लाकडाने म्हातारपणी दोनशे वर्षं तरंगून दाखवलं. बॉम्बे बर्मा कंपनीही आज वाडियांच्याच उद्योगसमूहात आहे. पण नौदलाला जो गुण वाटला, तो आरा मशीनवर शाप आहे. तुळईच्या पोटातला खिळा जिवंत असतो, आणि फिरत्या पट्ट्याला तो लागला की ठिणगी, कर्कश किंकाळी आणि दातांचा सडा. पातं तुटून सुटलं तर जवळ उभ्या माणसाचं काही खरं नाही.

म्हणून मशीनवाला आधी दोन्ही हात तुळईवरून चाचपत नेतो. शंका आली तिथे वाकसाने छिलतो, काळं डोकं दिसलं की पटाशीने भोवती खोदतो आणि सांडशीने ओढतो. निघालेला खिळा सरळ, चौकोनी, लोहाराच्या ऐरणीवरचा. एका तुळईतून मूठभर निघतात. तरी एखादा राहतोच, आणि म्हणून तुळई पट्ट्याला लावण्याआधी बोलणी होतात.

“खिया निंघाला तं पातं कोनाच्या नावावर, शेठ?”

“तुमच्या. तुमच्या आजोबानं ठोकला, मी नाई ठोकला.”

“अन् नाई निंघाला तं?”

“तं घनफुटाचा भाव लावू. चौथाईनं.”